दोघांसाठी मशरूम रिसोटो: गॅस बंद केल्यावरची तीन मिनिटं

मशरूम रिसोटोच्या निम्म्या पाककृतींत शेवटी ‘अर्धा कप फ्रेश क्रीम घाला’ असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याचा रिसोटो आधीच बिघडला होता आणि तो क्रीमखाली झाकायचा होता, एवढाच त्याचा अर्थ. रिसोटो म्हणजे इटालियन आसट भात, आणि तो मुलायम होतो तो तांदळातून सुटलेली दाट पेज, लोणी आणि चीज एकजीव झाल्यामुळे. क्रीम घातलं की मशरूमची चव दबते आणि चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. जेवणानंतर दोघांनी सोफ्यावर आडवं होऊन ढेकर द्यायचे असतील तर खुशाल घाला.

सामान

दोघांना १५० ग्रॅम तांदूळ, बटण मशरूमचं २०० ग्रॅमचं पाकीट, पाऊण ते एक लिटर स्टॉक, एक लहान कांदा, लसणाच्या दोन पाकळ्या, ३० ते ४० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, तेवढंच बारीक किसलेलं कडक चीज, ऑलिव्ह तेल, मिरपूड, अर्धं लिंबू. बाकी काही नाही. ऑरेगॅनोच्या पुड्या पिझ्झासाठी ठेवा.

तांदूळ आर्बोरिओ हवा. इटलीतल्या पिएमोंत प्रांतात याच नावाचं गाव आहे, तिथलं नाव याला लागलं. कार्नारोली मिळाला तर तोच घ्या, एखादं मिनिट जास्त शिजला तरी त्याचा दाणा मोडत नाही. बडोद्यात अलकापुरीतल्या मोठ्या दुकानांत बघा, नाहीतर ऑनलाइन मागवा. बासमतीने रिसोटो होत नाही. तांदळात दोन प्रकारचा स्टार्च असतो. बासमतीत त्यातलं अमायलोज जास्त, म्हणून त्याचे दाणे सुटे राहतात; आपल्याला दुसरा प्रकार, अमायलोपेक्टिन, जास्त असलेला, पेज सोडणारा तांदूळ हवाय. काहीच मिळालं नाही तर इंद्रायणी वापरा, तोही नवा. जुना तांदूळ पाणी पितो आणि मोकळा होतो. इंद्रायणीचा दाणा लवकर फुटतो, तेव्हा दहाव्या मिनिटापासून चाखत राहा. आंबेमोहर मी वापरत नाही. वास सुंदर आहे, पण मशरूमचा गंध त्यापुढे टिकत नाही.

तांदूळ धुऊ नका. हात सवयीने नळाकडे जाईल, त्याला आवरा. जी पेज आपल्याला हवी तिचं पीठ दाण्याच्या अंगावरच असतं. ते मोरीत गेलं की पुढे कितीही ढवळा, हाती भातच लागेल.

पाककृतीत पांढरी वाइन असते. बडोद्यातल्या लोकांचा हा प्रश्न गुजरात राज्याने १९६० सालीच सोडवून ठेवलाय. वाइनचं इथलं मुख्य काम आंबटपणा आणण्याचं, लोण्या-चीजचा जडपणा त्याने कापला जातो. पाकीटबंद द्राक्षाचा रस गोड असतो, तो नको. व्हिनेगर घातलं तर त्याचा वास शेवटच्या घासापर्यंत पाठ सोडत नाही. लिंबू पुरतं, तेही अगदी शेवटी, गॅस बंद झाल्यावर.

चीजबद्दल एक गोष्ट आधी बघून घ्या. रिसोटोत घालतात ते खरं इटालियन पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेट या पाचक द्रव्याने विरजतात, म्हणजे ते शाकाहारी नाही. आपल्याकडे समोर बसणारी व्यक्ती शाकाहारी असण्याचा संभव मोठा, तेव्हा हिरवा ठिपका असलेलं कडक, मुरलेलं चीज घ्या आणि घरी किसा. डब्यात मिळणारी चीजची भुकटी विरघळत नाही. प्रोसेस्ड चीजचे क्यूब चिकट आणि खारट होतात. मोझरेलाच्या तारा येतात, आणि पहिल्या-दुसऱ्या भेटीत हनुवटीवर लोंबणारी तार कुणालाच शोभत नाही. ही भेट खरोखर पहिली-दुसरी असेल आणि समोरचं घर जैन असेल, तर मशरूम चालतात का तेही विचारून घ्या. बहुधा चालत नाहीत, कांदा-लसूणही नाही. मग दुसरा बेत करा.

स्टॉक

मशरूमचे देठ, अर्धा कांदा, एक गाजर, चार मिरे, एक तमालपत्र, सव्वा लिटर पाणी. अर्धा तास मंद उकळा, गाळा. वाळवलेले शिताके मशरूम मिळाले तर तीन-चार कोमट पाण्यात भिजवा आणि ते पाणी तळाची रेती मागे ठेवून स्टॉकमध्ये ओता. नुसत्या बटण मशरूमना चव बेताचीच असते, या पाण्याने ती दुप्पट वाटते. स्टॉक क्यूब वापरणार असाल तर पाकिटावर सांगितलेल्या पाण्याच्या दुप्पट पाणी घ्या, नाहीतर आटून खारट होईल.

मशरूम

टोपीखालचा पडदा बंद आहे असे बघून घ्या. तिथल्या काळ्या पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर माल जुना आहे. उन्हाळ्यात सकाळी आणलेलं पाकीट संध्याकाळपर्यंत बुळबुळीत होतं. खरं तर मे महिन्यात रिसोटोचा बेत करूच नये. पंखा बंद करून शेगडीपाशी वीस मिनिटं उभं राहिल्यावर माणूस प्रेमाने बोलेल अशी अपेक्षा ठेवणं चूक. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

धुतले तर चालतात, फक्त भिजत ठेवू नका आणि लगेच पुसा. जाड काप करा. पसरट तवा चांगला तापू द्या, थोडं तेल, आणि काप एका थरात. सगळे एकदम टाकलेत तर पाणी सुटून त्यातच उकडतात आणि रबरी होतात. दोन खेपांत करा. मीठ रंग आल्यावर, आधी नाही. शेवटी लसूण, मिरपूड. बाजूला काढून ठेवा.

भात

जाड बुडाच्या पसरट पातेल्यात तेल आणि थोडं लोणी, त्यात अगदी बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर मऊ होईपर्यंत परता. लाल करू नका, ही भाजी नाही. तांदूळ घाला, दोन मिनिटं परता. दाण्याच्या कडा काचेसारख्या पारदर्शक दिसल्या आणि पोटात पांढरा ठिपका राहिला की पुरे.

आता शेजारच्या शेगडीवर उकळत असलेला स्टॉक पळीपळीने. भाताला आधणाचं पाणी घालणारी आपली माणसं रिसोटोत थंड स्टॉक का ओततात, ते मला कळलेलं नाही. प्रत्येक थंड पळीबरोबर शिजणं थांबतं, दाणा बाहेरून गाळ आणि आतून कच्चा राहतो. पहिल्यांदा दोन पळ्या, मग आधीचं बरंचसं जिरलं की पुढची. आच मध्यम ठेवा, सतत बुडबुडे दिसायला हवेत. सारखं ढवळत राहायची गरज नाही. अर्ध्या-पाऊण मिनिटाने तळापासून एकदा फिरवा, मधल्या वेळात बोला. अर्धे मशरूम बाराव्या मिनिटाला आत घाला. आर्बोरिओला पहिल्या पळीपासून सोळा ते अठरा मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा दातावर भरवसा ठेवा आणि चौदाव्या मिनिटापासून दाणा चावून बघा.

गॅस बंद केल्यावर

इथवर कुणालाही जमतं. मला सर्वांत जास्त छळलं ते यापुढच्या टप्प्याने, आणि त्यावर पाककृती एक ओळ खर्च करतात: ‘लोणी व चीज घालून एकत्र करा.’ इटालियन लोक याला मांतेकातुरा म्हणतात. सगळा रिसोटो इथे होतो किंवा जातो.

पहिला प्रश्न, गॅस कधी बंद करायचा. दाण्याच्या मधोमध बारीकशी कणी राहिलेली असताना, आणि पातेल्यातला भात तुम्हाला जरा जास्तच पातळ वाटत असताना. कालथ्याने भात बाजूला सारा. तळ दिसला पाहिजे आणि दोन-तीन सेकंदांत पेज वाहत येऊन तो झाकला गेला पाहिजे. तळ कोरडाच राहिला तर अर्धी पळी गरम स्टॉक घाला आणि मगच बंद करा. डोळ्यांना हे चुकीचं वाटणार. भातातलं पाणी आटलेलं बघून गॅस बंद करायचा, मग झाकण ठेवून वाफ द्यायची, हे आपण लहानपणापासून बघितलंय. इथे दोन्ही गोष्टी टाळा. गॅस बंद झाल्यावरही दाणा पेज पीत राहतो, आणि थंड होताना पेज घट्ट होत जाते. पातेल्यात जे बरोबर दिसतं ते टेबलापर्यंत जाईस्तोवर कालथा उभा राहील इतकं घट्ट झालेलं असतं. झाकणाने तर आतला दाणा आणखी शिजतो.

दुसरा प्रश्न तापमानाचा, आणि लोक नेमके इथेच घाई करतात. पातेलं शेगडीवरून उचलून खाली ठेवा. गरम जाळीवर राहू देऊ नका. आता मिनिटभर काहीही करू नका. बुडबुडे पूर्ण थांबू देत. उकळत्या भातात लोणी टाकलंत तर ते फुटतं, चरबी वेगळी होऊन कडेला पिवळा तवंग दिसतो. चीजचंही तेच. फार गरम असेल तर त्याचा गोळा होऊन कालथ्याला चिकटतो. पेजेतला स्टार्च लोण्याचे बारीक थेंब आपल्यात धरून ठेवू शकतो, पण उकळी थांबलेली असेल आणि तुम्ही जोरात ढवळत असाल तरच.

लोणी फ्रिजमधून नुकतंच काढलेलं, थंड, लहान तुकडे केलेलं. मऊ पडलेलं लोणी लगेच वितळून तेलासारखं वर येतं. थंड तुकडा हळूहळू वितळतो, तेवढ्या वेळात तुम्ही त्याला पेजेत मिसळू शकता. सायीचं घरचं लोणी असेल तर उत्तम, त्याचा किंचित आंबूस स्वाद इथे छान लागतो. फक्त ताक पूर्ण निघेपर्यंत थंड पाण्याने धुतलेलं हवं. पिवळं खारं बटर वापरायचंच असेल तर तोवर भातात मिठाचा कणही घालू नका, कारण चीजही खारट आहे.

आधी लोणी, सगळं एकदम. एका हाताने पातेलं पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या हाताने लाकडी कालथ्याने जोरात फिरवा. इथे नाजूकपणाचं काम नाही; दाणा मोडेल म्हणून हलक्या हाताने ढवळणारे लोकच नंतर क्रीम शोधत फिरतात. लोणी दिसेनासं झालं की चीज दोन-तीन वेळा भुरभुरवा आणि पुन्हा फिरवा. मिनिटभरात रंग फिकट होतो, चकाकी येते आणि भात पातेल्यात एकसंध सरकू लागतो. आता लिंबाचा चमचाभर रस, मिरपूड, आणि मीठ चाखून.

परीक्षा ताटलीवर घ्या. चमचाभर भात घेऊन ताटली तिरपी करा. तो ओघळत संथपणे पसरला पाहिजे, मुगाच्या आसट खिचडीपेक्षा किंचित सैल. ढीग जागच्या जागी उभा राहिला तर दोन चमचे उकळता स्टॉक घालून परत फिरवा, लगेच सुधारतो. कडेने पाणी वेगळं सुटलं तर अजून अर्धं मिनिट जोरात ढवळा. दोन्ही बाबतींत पातेलं पुन्हा गॅसवर चढवू नका. घट्ट रिसोटो वाचवता येतो, फुटलेला नाही.

वाढणं

पसरट, उथळ ताटल्या घ्या आणि त्या गरम पाण्यात बुडवून पुसून ठेवा. स्टीलचं गार ताट भाताची ऊब क्षणात खेचून घेतं. भात मधोमध घाला, ताटली खालून तळहाताने थोपटा, आपोआप पसरेल. वर उरलेले मशरूम. मेणबत्ती आधीच लावून ठेवा. माचिस शोधण्यात जी दोन मिनिटं जातात ती तुम्ही वर केलेल्या सगळ्या मेहनतीतून वजा होतात. फोटो एकच.

तयार रिसोटो कुणासाठी थांबत नाही, म्हणून तांदूळ पातेल्यात टाकायचा तो माणूस घरात येऊन बसल्यावर. ‘फतेगंजहून निघालेय’ असा निरोप आला की ती अजून केस विंचरत असते, त्यावर गॅस पेटवू नका. स्वयंपाकघरात खुर्ची द्या, समोर काकडी आणि खारे शेंगदाणे ठेवा. या अठरा मिनिटांत गप्पा चांगल्या होतात, कारण तुमचे हात गुंतलेले असतात आणि फोन लांब असतो. ढवळायलाही देऊ शकता, शेवटचा टप्पा सोडून.

अगदीच वेळेचा भरवसा नसेल तर हॉटेलवाल्यांची युक्ती वापरा. दहा मिनिटं शिजल्यावर भात थंड परातीत पातळ पसरून गार करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि ऐनवेळी उकळत्या स्टॉकमध्ये पुढची सहा-सात मिनिटं पूर्ण करा. पेज थोडी कमी सुटते, पण कुकरमध्ये शिट्ट्या मोजण्यापेक्षा बरं.

आधी सूप-बिप करत बसू नका, रिसोटो पोटभरीचा असतो. सोबत काकडी-टोमॅटोचे काप, लिंबू, मीठ. घरात वडीलधारी मंडळी असतील आणि तुम्ही त्यांनाही वाढलंत, तर ‘यावर तूप का नाही?’ हा प्रश्न येणारच. वाद न घालता तूप घाला.

उरलेला रिसोटो मायक्रोवेव्हमध्ये तापवून खाऊ नका, लोणी सुटून तेलकट लगदा होतो. रात्रीच फ्रिजमध्ये टाका. सकाळी घट्ट झालेला असेल, त्याच्या चपट्या टिक्क्या करा, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवा आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून खरपूस भाजा.