डिप्रेशनच्या गोळ्या सोडताना शेवटचा चतकोरच जड जातो

गोळ्या बंद करायच्या असं ठरलं की जो तो सल्ला द्यायला लागतो. "एक दिवसाआड घे." "अर्धी कर आणि पंधरा दिवसांत सोडून दे." "मन घट्ट कर, काही होत नाही." यातला पहिला सल्ला पुष्कळांना त्रासात ढकलतो, दुसरा सगळ्यांनाच मानवत नाही, आणि तिसऱ्याने फक्त त्रास सांगणाऱ्याचं तोंड बंद होतं. मी स्वतः दोन वेगवेगळ्या औषधांवरून उतरले आहे आणि गेली काही वर्षं गोळ्या कमी करणाऱ्यांच्या सोबतीला बसते आहे. मी डॉक्टर नाही. किती कमी करायचं आणि कधी, हे तुमचे डॉक्टर तुमच्याशी बोलून ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसून काय विचारायचं आणि घरी आल्यावर काय सांभाळायचं, ते मात्र मी नक्की सांगू शकते.

डॉक्टरांशी बोलणं झालंय, तब्येत काही महिने स्थिर आहे, आणि नोकरी बदलणं, परीक्षा, घरातलं मोठं आजारपण असं काही तोंडावर नाही, हे धरून पुढे लिहिते. गर्भार असाल किंवा पूर्वी कधी उन्मादाचा झटका येऊन गेला असेल, तर आपल्या मनाने एक चतकोरसुद्धा कमी करू नका.

आधी आपली गोळी ओळखा

सगळ्या गोळ्या सारख्या सुटत नाहीत. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला किती वेळ लागतो, त्याला अर्धायुष्य म्हणतात. पॅरॉक्सेटिनचं ते साधारण एक दिवस आहे. व्हेनलाफॅक्सिनचं जेमतेम ५ तास, आणि शरीरात त्यापासून बनणाऱ्या कामाच्या घटकाचं साधारण ११ तास. म्हणून सकाळची व्हेनलाफॅक्सिन चुकली तर रात्रीपर्यंत डोकं गरगरायला लागतं. फ्लुऑक्सेटिन उलट टोकाला आहे: ते आणि त्यातून बनणारा घटक अंगातून जायला कित्येक आठवडे घेतात. त्याचा त्रास सहसा सौम्य असतो, पण तो उशिरा येऊ शकतो. तोवर माणूस "सुटलं एकदाचं" म्हणून निर्धास्त झालेला असतो.

एक दिवसाआड घेण्याचा सल्ला मला का पटत नाही, ते यावरून कळेल. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन एक दिवसाआड घेतलं तर रक्तातली पातळी रोज खालीवर होत राहते. औषध हळूहळू, सारखं कमी होत नाही, आणि ते सोडण्याचा त्रास मात्र दर दुसऱ्या दिवशी होतो. फ्लुऑक्सेटिनसाठी डॉक्टर असं सांगू शकतात, कारण ते तितकं लांब टिकतं. बाकी गोळ्या रोज, ठरल्या वेळी, थोड्या कमी मात्रेत घ्यायच्या.

त्रास सगळ्यांना होतो असंही नाही. २०२४ साली 'लॅन्सेट सायकायट्री'त आलेल्या मोठ्या आढाव्यात, गोळी बंद केलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणं जाणवली. औषध नसलेली बनावट गोळी बंद केलेल्यांमध्येही ती १७ टक्क्यांना जाणवली. तीव्र त्रास साधारण ३५ जणांतल्या एकाला झाला. थोडे महिने गोळी घेतलेला माणूस सहज बाहेर पडू शकतो. वर्षानुवर्षं घेतलेल्यांनी आणि पूर्वी एखादी गोळी चुकली तरी ज्यांना त्रास झाला आहे त्यांनी सावकाशीचाच आराखडा मागून घ्यावा.

सुरुवातीची उतरण

डॉक्टरांनी सांगितलेली पहिली कपात करा, दोन ते चार आठवडे थांबा, ठीक वाटलं तर पुढची करा. हा भाग बहुतेकांचा बऱ्यापैकी पार पडतो. वहीत रोज दोन ओळी लिहा: मात्रा किती, झोप कशी, अंगाला काय जाणवलं.

शेवटचा टप्पा

माणसं अडकतात ती इथे. मीही इथेच अडकले होते. २० मिलिग्रॅमवरून १० वर आले तेव्हा चार दिवस मळमळलं, मग सगळं शांत. पुढे १० वरून थेट बंद, असाच कागद हातात मिळाला होता. तिसऱ्या दिवसापासून नजर डावीकडून उजवीकडे वळवली की डोक्यात करंटचा बारीक झटका बसायचा. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघणंसुद्धा नको वाटायचं. चालता चालता जमीन क्षणभर पुढे सरकल्यासारखी वाटायची. रात्री स्वप्नं इतकी भडक पडायची की सकाळी दमून उठायचं. आणि काही कारण नसताना रडू फुटायचं. मी विचारायला गेले तेव्हा "एवढ्याशा डोसने काही होत नाही" असं उत्तर मिळालं.

एवढ्याशाच डोसने होतं, आणि त्याला कारण आहे. ही औषधं मेंदूतलं सेरोटोनिन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) परत ओढून घेणाऱ्या वाहकांना अडवतात. मात्रा दुप्पट केली म्हणून अडवणं दुप्पट होत नाही. सिटालोप्रॅमचे आकडे बघा: ४० मिलिग्रॅमला सुमारे ८६ टक्के वाहक अडलेले असतात, २० ला ८० टक्के, ९ च्या आसपास ७०, आणि साडेपाचच्याही खाली आलं तरी ६० टक्के. म्हणजे ४० वरून २० वर येताना मेंदूला जेमतेम पाच-सहा टक्क्यांचा फरक कळतो. ५ वरून शून्यावर येताना मात्र जवळजवळ साठ टक्क्यांचा आधार एका दिवसात काढून घेतला जातो. कागदावर सारख्या दिसणाऱ्या पायऱ्या खाली येता येता कमरेएवढ्या उंच होत जातात. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ साली हे नीट मांडलं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सच्या २०२० च्या माहितीपत्रकात आणि तिथल्या उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आता टप्प्याटप्प्याने आणि शेवटी शेवटी आणखी लहान कपात करा, असंच सांगितलं आहे.

तेव्हा कपात मिलिग्रॅममध्ये मोजू नका, आत्ता जी मात्रा चालू आहे तिच्या टक्क्यांत मोजा. 'नाइस' आधी निम्म्याने आणि खालच्या मात्रांना पाव भागाने कमी करण्याचं उदाहरण देते. ज्यांना पूर्वी त्रास झाला आहे ते डॉक्टरांशी बोलून दर महिन्याला चालू मात्रेच्या दहा टक्क्यांनी उतरतात: २० वरून १८, मग १६.२, मग १४.६. हिशोब कंटाळवाणा आहे, वेळही खूप लागतो. पण तीन महिने जास्त लागले म्हणून कुणाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही. घाईने बिघडलेलं मात्र पुष्कळ पाहिलं आहे.

आता प्रश्न असा की बाजारात मिळणाऱ्या सगळ्यात लहान गोळीच्या खाली जायचं कसं. गोळी तोडायचा चिमटा चतकोरापर्यंत साथ देतो, त्यापुढे चुरा होतो. इथे डॉक्टरांना स्पष्ट विचारा: हे औषध पातळ स्वरूपात मिळतं का? बऱ्याच औषधांचं मिळतं. नसेल तर ही गोळी पाण्यात विरघळवून मोजून घेता येईल का, हे औषधाच्या दुकानात नाही, प्रशिक्षित फार्मासिस्टला विचारा, कारण ते प्रत्येक गोळीला चालत नाही. घ्यायला सांगितलंच तर सुईशिवायची, १ मिलिलिटरची सिरिंज आणा. बाटली प्रत्येक वेळी हलवा, सिरिंज डोळ्याच्या रेषेत धरा, बुडबुडा काढून टाका आणि मगच रेघ वाचा.

एक ताकीद मी प्रत्येकाला देते. मिलिग्रॅम आणि मिलिलिटर एक नाहीत. ५ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून २ मिलिग्रॅम घ्यायचे म्हणून २ मिलिलिटर औषध घेतलं तर पोटात ८ मिलिग्रॅम जातात. म्हणून बाटलीवर पट्टी चिकटवा आणि त्यावर दोन्ही आकडे लिहा: इतके मिलिग्रॅम म्हणजे सिरिंजच्या या रेघेपर्यंत. मात्रा बदलली की पट्टी बदला. घरातल्या दुसऱ्या माणसाला ती वाचून दाखवायला लावा.

दुसरी ताकीद कॅप्सूल आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांची. ज्यांच्या नावापुढे एक्सआर, सीआर असं असतं त्या तोडायच्या, कुटायच्या, चावायच्या नाहीत. तोडली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं. व्हेनलाफॅक्सिन आणि ड्युलॉक्सेटिनच्या कॅप्सूलमधले बारीक दाणे मोजून कमी करणारे लोक आहेत. सगळ्या कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये दाणे सारखे नसतात, काहींत छोट्या गोळ्याच असतात. तेव्हा फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय कॅप्सूल उघडू नका. दाणे कुटू तर मुळीच नका.

काही डॉक्टर शेवटच्या टप्प्यात लांब टिकणाऱ्या फ्लुऑक्सेटिनवर नेऊन मग ते उतरवतात. चांगला मार्ग आहे, पण तो त्यांनीच आखायचा. घरात उरलेली फ्लुऑक्सेटिनची पाकिटं काढून स्वतः प्रयोग केला तर दोन औषधं एकमेकांवर चढून सेरोटोनिनची विषबाधा होऊ शकते.

त्रास सुरू झालाच तर

पुढची कपात थांबवा. आहे त्या मात्रेवर राहा, लाट ओसरू द्या. बहुतेकदा काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत ओसरते. असह्य झालं तर डॉक्टरांना फोन करून शेवटच्या सुखाच्या मात्रेवर परत जा, तिथे स्थिर व्हा आणि पुढच्या वेळी निम्मी कपात करा. परत वर जाणं म्हणजे हरणं, असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

चक्कर येत असेल तेव्हा गाडी चालवू नका. दारू नको, कुणाच्या झोपेच्या गोळ्या नकोत. खोकल्याच्या औषधात डेक्स्ट्रोमेथॉर्फन आहे का ते बघा, वेदनाशामक म्हणून ट्रॅमाडॉल देत असतील तर चालू गोळी सांगा, आणि सेंट जॉन्स वर्ट हे वनस्पतीचं औषध नैसर्गिक आहे म्हणून सोबत घेऊ नका. या तिन्ही गोष्टी सेरोटोनिन वाढवतात.

एका जागी बसवत नाही, आतून सारखं हल हल असं होतं, किंवा जीव नकोसा वाटायला लागला, तर लाट ओसरायची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, नाही भेटले तर तातडीच्या विभागात जा, आणि एकटं राहू नका.

हा आजार परतला की गोळीचा त्रास?

फरक बहुतेक वेळा ओळखता येतो. गोळीचा त्रास कपातीनंतर काही दिवसांत येतो, लाटांनी येतो, आणि त्यात आजारात कधी नसलेल्या गोष्टी असतात: करंटचे झटके, भोवळ, मळमळ, भडक स्वप्नं. गोळी परत चालू केली की तो दोन-चार दिवसांत झपाट्याने उतरतो. आजार बहुधा आठवड्यांनी, हळूहळू, आपल्या जुन्याच चेहऱ्याने येतो. वहीतल्या दोन ओळींचा उपयोग इथे होतो. तारखा समोर ठेवून बोललात की डॉक्टरही घाईने "आजार परतला" म्हणत नाहीत.

आजार परतूही शकतो, हे झाकायचं कारण नाही. २०२१ साली ब्रिटनमध्ये दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांवर झालेल्या अँटलर चाचणीत वर्षभरात गोळी थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना नैराश्य पुन्हा आलं. गोळी चालू ठेवलेल्यांमध्ये ते ३९ टक्क्यांना आलं. पुन्हा गोळी लागली तर ती घ्यावी.

शून्यावर आल्यावर

पुढचे काही महिने वही चालू ठेवा, आणि तुमचा स्वभाव ओळखणाऱ्या एका माणसाला सांगून ठेवा की मी चिडचिडा किंवा गप्प झालो तर मला सांग. शिल्लक औषधाचं काय करायचं ते पुढच्या भेटीत विचारा. त्याच भेटीत कोणत्या मात्रेला कोणता त्रास झाला आणि कोणती कपात मानवली, हे केस पेपरवर लिहून घ्या, म्हणजे पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर त्यांनाही ते कळेल.