द्राक्षांच्या दोन ओळी

पंचवटीतल्या आमच्या बालवाडीत मुलांची समज पाहायची तर मी द्राक्षांनीच सुरुवात करते. पाच-पाच द्राक्षांच्या दोन सारख्या ओळी मांडा. मग मुलासमोरच एक ओळ पसरून लांब करा. "जास्त कुठं?" चार वर्षांचं मूल बहुधा लांब ओळ दाखवतं. रागावू नका; बालमानसशास्त्रज्ञ पियाजेच्या मते २ ते ७ वर्षांत डोळ्यांना दिसेल तेच खरं. (नंतर खायला देताना उभी चिरूनच द्या, अख्खं द्राक्ष घशात अडकतं.) दुसरा मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की सांगतो तसं, अडेल तिथंच हात द्या: बोट धरून मोजा, मग बोट सोडा. चित्रं पाहा, साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्या वर्षी अधिकची खूण जमते. थोडं मागंपुढं चालतं. पण आधी येत असलेले शब्दच मूल विसरू लागलं, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.