आरसीवर चढवले, पॉलिसीवर चढवले का?

सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर गाडीला सीएनजी किट बसवून घेणारा माणूस साधारणपणे तीनच प्रश्न विचारतो : मायलेज किती पडेल, डिकीत जागा किती उरेल आणि आरटीओचे काम कोण करून देईल. विमा कंपनीला कळवावे लागेल का, हा चौथा प्रश्न क्वचितच निघतो, आणि निघालाच तर "त्याची काही गरज नसते" एवढ्यावर मिटवला जातो. हे उत्तर चुकीचे आहे. कळवावे लागते, ते लेखी कळवावे लागते आणि कळवल्याची नोंद, म्हणजे एन्डॉर्समेंट, पॉलिसीवर आलेली आपल्या डोळ्यांनी पाहावी लागते.

येथे दोन वेगळ्या नोंदवह्या आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. पहिली आरटीओची. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात (आरसीत) नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवणे ही त्यातील अटींसह दिलेली मुभा आहे, आणि परवानगीने केलेल्या बदलाची माहिती चौदा दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यावी लागते. दुसरी नोंदवही विमा कंपनीची. एमएच-१० च्या आरसीवर 'पेट्रोल/सीएनजी' असे चढले म्हणून ते पॉलिसीवर आपोआप चढत नाही, हे अनेकांना ठाऊकच नसते. म्हणून क्रमही ठरलेला आहे : आधी आरटीओ, मग लगेच विमा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर या दोन्हींच्या आधी बँकेचे ना-हरकत पत्र घ्यावे.

कळवायचे कशासाठी, याचे उत्तर कायद्यातच आहे. विमा हा परस्पर विश्वासावर उभा असलेला करार आहे; जोखीम पत्करायची की नाही आणि किती प्रीमियमला, हे ज्या माहितीवर ठरते ती माहिती दडवली, तर कंपनीला हात वर करण्याचे कारण मिळते. अपघातात तिसऱ्या व्यक्तीचे नुकसान झाल्यास कंपनीला कोणकोणत्या कारणांनी बचाव करता येतो, ते त्याच अधिनियमाच्या कलम १५० मध्ये मोजकेपणाने दिले आहे, आणि महत्त्वाची वस्तुस्थिती न सांगता पॉलिसी मिळवली होती हे त्यांपैकी एक आहे. जखमी व्यक्तीला भरपाई मिळून जाईलही, परंतु ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करण्याचा आदेश झाला, तर तो ओझ्याचा दगड आयुष्यभर वाहावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर याहून सहज अडतो.

सर्वच बदल एका मापाने मोजू नयेत. सीट कव्हर, पायदाण्या, मोबाईलचा होल्डर यांसाठी कोणी कंपनीला पत्र लिहिण्याची गरज नाही. मात्र ज्या वस्तूला स्वतंत्र किंमत आहे आणि जी गाडीच्या मूळ किमतीत धरलेली नाही, ती वस्तू आरसीला स्पर्श करत नसली तरी पॉलिसीत लिहून घ्यावी. कारखान्यातून आलेला साधा टेप काढून बसवलेली मोठी स्क्रीन, अ‍ॅम्प्लिफायर, रिव्हर्स कॅमेरा ही 'इलेक्ट्रिकल' साहित्यात येतात. अलॉय व्हील 'नॉन-इलेक्ट्रिकल' साहित्यात येतात. ही नावे विमा घेताना भरायच्या प्रपोजल फॉर्मवर असतात. त्याच फॉर्मवर गाडीला फायबर ग्लासची इंधन टाकी आहे का, असाही प्रश्न असतो. मात्र टायर रुंद केले आहेत का, किंवा इंजिनचे रीमॅपिंग (ताकद वाढवण्यासाठी त्याच्या संगणकातील सेटिंग बदलणे) केले आहे का, हे सहसा विचारलेले नसते. विचारले नाही म्हणून सांगितले नाही, असा युक्तिवाद करता येतो, पण तो दावा फेटाळला गेल्यानंतर करावा लागतो, म्हणून माझ्या मते शंका असेल तेथे सांगून टाकलेले बरे.

खर्चाची भीती बहुतांशी अनाठायी असते. जुन्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे सर्व कंपन्यांना बांधून दिलेल्या दरपत्रकात, बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटसाठी त्याच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीपोटी ६० रुपये असा जादा प्रीमियम होता. इलेक्ट्रिकल साहित्यालाही ४ टक्केच होता. २००७ पासून कंपन्यांना स्वतःच्या नुकसानीचे दर ठरवण्याची मोकळीक मिळाली, तरी आकारणी बहुधा याच घरात राहिलेली आहे. समजा, किट ६०,००० रुपयांचे आहे. तर २,४०० अधिक ६० असे २,४६० रुपये होतात आणि १८ टक्के जीएसटी धरून ती रक्कम साधारण २,९०० रुपयांवर जाते. पॉलिसीची मुदत अर्धी सरल्यावर किट बसवले असेल, तर उरलेल्या मुदतीपुरतेच पैसे घेतले जातात. साहित्याच्या किमतीलाही गाडीप्रमाणेच घसारा लागतो : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २० आणि पुढे चढत्या क्रमाने पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. त्यामुळे दोन वर्षे जुन्या स्क्रीनसाठी कोऱ्या स्क्रीनची किंमत पॉलिसीत लिहून घेण्याचा आग्रह धरू नये. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल केला असेल, तर टॅरिफमध्ये स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सवलत होती; ती मागितल्याशिवाय कोणी आपण होऊन देत नाही, म्हणून मागावी.

आता प्रत्यक्ष कळवण्याची रीत. किटचे जीएसटी बिल, किटच्या मान्यतेचे प्रमाणपत्र, बसवणाऱ्या केंद्राचे प्रमाणपत्र, सिलिंडरच्या चाचणीचा दाखला आणि नवी आरसी यांच्या स्पष्ट प्रती काढाव्यात, गाडीचे चारही बाजूंनी आणि बसवलेल्या भागाचे जवळून फोटो घ्यावेत, आणि हे सर्व पॉलिसीवर छापलेल्या अधिकृत ईमेलवर पाठवावे. मजकूर लांबवू नये. "माझ्या अमुक क्रमांकाच्या वाहनात दि. अमुक रोजी अमुक किमतीचे सीएनजी किट बसवले असून त्याची नोंद आरसीवर झाली आहे. कृपया पॉलिसी क्रमांक अमुक यावर एन्डॉर्समेंट करून जादा प्रीमियम कळवावा" एवढे पुरते. ओळखीच्या एजंटाला फोनवर सांगितले म्हणजे कंपनीला कळवले, असे समजू नये. एजंट प्रामाणिक असला तरी वर्षभरानंतर ते बोलणे सिद्ध करता येत नाही. कंपनी कधीकधी गाडी पाहण्यास माणूस पाठवते किंवा मोबाईलवरून चित्रीकरण मागते. ते करून द्यावे. पैसे भरल्यावर जो एन्डॉर्समेंटचा कागद येतो, त्यावर किटची किंमत आणि लागू झाल्याची तारीख तपासावी. एन्डॉर्समेंट हा दावा नव्हे, त्यामुळे नो क्लेम बोनसला त्याने धक्का लागत नाही.

हे मी स्वतः ठेच लागून शिकलो. माझ्या गाडीच्या किटची नोंद आरसीवर वेळेत झाली होती, पण पुढच्या वर्षी मी मोबाईलवरच पॉलिसीचे नूतनीकरण केले आणि इंधनाच्या रकान्यात आधीचे 'पेट्रोल' तसेच राहिले. चार महिन्यांनी लक्षात आल्यावर कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला, तर पलीकडच्या मुलीने "सर, चालतंय, क्लेमच्या वेळी आरसी दाखवा" असे सांगितले. तेच वाक्य ईमेलवर लिहून द्या, असे म्हटल्यावर मात्र दोन दिवसांत जादा प्रीमियमची मागणी आली. तेव्हापासून नूतनीकरणाच्या वेळी, आणि विशेषतः कंपनी बदलताना, मी इंधन, साहित्य आणि त्यांची किंमत हे तीन रकाने स्वतः भरतो.

जे बदल मुळातच बेकायदा आहेत, त्यांची गोष्ट निराळी आहे. पुढे लावलेले लोखंडी बुल बार, ज्यांबाबत केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास कळवले, कर्णकर्कश सायलेन्सर किंवा चासीला हात घालून केलेली कापाकापी ही कंपनीला कळवल्याने कायदेशीर होत नाही. उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. असा भाग काढून टाकणे हाच उपाय आहे. रुंद टायरची हौस असेल, तर निदान त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला उत्पादकाने स्वतः दिलेल्या मापापुढे जाऊ नये.

वायरिंगबद्दल दोन शब्द अधिक लिहितो, कारण आपल्या भागात पुराचा प्रश्न आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते सांगलीकरांना सांगायला नको. पूर ही पॅकेज पॉलिसीत (तिसऱ्या व्यक्तीसोबत स्वतःच्या गाडीचेही नुकसान धरणाऱ्या पॉलिसीत) समाविष्ट असलेली जोखीम आहे. परंतु विजेतील बिघाड त्यात येत नाही. मूळ वायर कापून, चिकटपट्टी गुंडाळून दिवे किंवा हॉर्न जोडलेले असतील, तर नुकसान पाण्याने झाले की जोडाने, हा वाद नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला उकरून काढता येतो. म्हणून कोणतेही साहित्य कपलर (वायर न कापता जोडणारा प्लग) लावूनच बसवून घ्यावे आणि तसे बिलावर लिहून घ्यावे.

एवढे करूनही दावा नाकारला गेला, किंवा न कळवलेल्या बदलाचे कारण पुढे करून तो फेटाळला गेला, तर लगेच हार मानू नये. त्या बदलाचा अपघाताशी संबंध काय, असे लेखी विचारावे. उभ्या गाडीला मागून ट्रकने धडक दिली असेल, तर स्पीकरमुळे ती बसली नाही. खासगी गाडी भाड्याने वापरल्याच्या अमलेंदु साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पूर्ण नकाराऐवजी दाव्यापोटी काही रक्कम देण्यास सांगितले होते, तो दाखला येथेही मांडून पाहता येतो. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी; महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांसाठी असलेल्या पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे एक वर्षाच्या आत अर्ज करावा. तेथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा तेथे होऊ शकतो. अर्जासोबत जोडायचा पहिला कागद कंपनीला पाठवलेल्या त्या ईमेलची प्रत हाच असावा.