जंतांशी लढायला गाभण शेळीला काय घालावं

आमच्या उस्मानाबादी शेळ्या बऱ्याचदा पावसाळ्यातच वितात, आणि पोटातला रक्त पिणारा जंतही तेव्हाच जोर धरतो. जंतांना रोखणाऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं प्रथिनांपासून बनतात. विण्याच्या सुमारास शेळीचं शरीर ती प्रथिनं आधी पोटातल्या करडाला आणि मग दुधाला देतं. प्रतिकार ढिला पडतो, लेंड्यांतून जंतांची अंडी जास्त पडू लागतात, आणि त्याच रानात पुढे करडं चरतात.

म्हणून विण्याआधीचा आणि नंतरचा दीड-दीड महिना खुराक वाढवा. मी रोज 100 ते 150 ग्रॅम शेंगदाणा पेंड देते, बुरशीची कधीच नाही. पेंड परवडत नसेल तर बांधावर शेवरी लावा, तिचा पाला शेळ्या आवडीने खातात. सुबाभूळही चालते, पण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. तिच्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं.

खालची पापणी उलटून बघत जा. पांढरट दिसली किंवा जबड्याखाली सूज आली, तर नुसत्या खुराकावर थांबू नका, जनावरांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजायला मात्र माझा विरोध आहे. त्याने औषधाला न जुमानणारे जंतच मागे उरतात.