एका दिवसाची शस्त्रक्रिया आणि भूल : या चुका टाळा

हर्निया, हायड्रोसील किंवा गाठीची शस्त्रक्रिया करून संध्याकाळी घरी परतता येते, म्हणून तिची भूलही हलकीच असते, असा समज गावोगावी आहे. भूल मात्र तीच असते. भुलेनंतरच्या देखरेखीचा मोठा भाग घरच्यांवर येतो, एवढाच फरक.

सर्वाधिक चुका उपाशी राहण्याबाबत होतात. पहाटेच्या एसटीने चंद्रपूरला किंवा नागपूरला निघालेला रुग्ण स्टँडवर अर्धा कप चहा घेतो आणि भूलतज्ज्ञांनी विचारल्यावर ‘काहीच खाल्लं नाही’ असे मनापासून सांगतो. दुधाचा चहा अन्नातच मोजतात. दूध आणि हलक्या जेवणानंतर 6 तास, तेलकट जेवणानंतर किंवा मटणानंतर 8 तास जावे लागतात, कारण भुलेत खोकण्याची ताकद जाते आणि पोटातले उलटून फुफ्फुसात शिरू शकते. चहा घेतला असेल तर तसे सांगावे. शस्त्रक्रिया फार तर पुढे ढकलली जाईल. याउलट, रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेणे हीदेखील चूकच आहे. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर साधे पाणी 2 तास आधीपर्यंत चालते. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. शरीरातले पाणी किंवा प्राणवायू कमी पडला की त्यांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. त्यांनी सिकलसेलचे कार्ड न विसरता दाखवावे.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, खाण्याची सवय लपवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. वर्षानुवर्षे खर्रा खाल्ल्याने तोंड जेमतेम दोन बोटे उघडते, आणि श्वासनलिकेत नळी घालण्याच्या क्षणी हे कळले तर जीवावर बेतू शकते. आधी कळले तर वेगळी तयारी करता येते. वडीलधाऱ्यांसमोर संकोच वाटत असेल तर एकट्याने सांगावे. दारूचेही तसेच. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सोबत न्याव्यात. कोणती घ्यायची, कोणती थांबवायची, हे स्वतः ठरवू नये.

घरी सोडल्यावर मोटारसायकलवर मागे बसून गावी जाऊ नये. 24 तास वाहन वा ट्रॅक्टर चालवू नये, विहिरीवरच्या मोटारीला हात लावू नये, दारू घेऊ नये आणि व्यवहाराच्या कागदावर सही करू नये. रात्री जाणते माणूस जवळ हवे. कमरेत सुई देऊन भूल दिली असेल, तर उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवे होताच कमी होणारी डोकेदुखी डॉक्टरांना कळवावी. लघवी अडली, उलट्या थांबेनात किंवा श्वास लागला, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा.