पॉड मशीनची कॉफी स्वस्तात पाडायची, तर पावडर आणायच्या आधी हे बघा

गेल्या गणपतीत कोल्हापूरची पाहुणेमंडळी घरात, सकाळची आरती आटोपलेली, आणि मशीन नुसतं घरघरतंय. कपात काळे चिकट थेंब, बाकीचं पाणी पॉडच्या (मशीनमध्ये घालायची कॉफी पावडरीची छोटी डबी) कडेने ओघळून खालच्या ट्रेमध्ये. मशीन चांगलं होतं, पावडर चुकली होती. म्हणून यंदा आधीच लिहून ठेवतेय.

पैसे वाचतात ते आपण भरायच्या स्टीलच्या पॉडमुळे. नेस्प्रेसोच्या लहान पॉडमध्ये साधारण ५ ग्रॅम पावडर बसते, म्हणजे किलोत २०० कप. पावडर किलोला १,००० रुपये धरली तरी कप ५ रुपयांत पडतो. तयार पॉडच्या डब्याची किंमत आतल्या नगांनी भागून बघा, फरक लगेच कळेल.

पॉड मागवण्याआधी मशीनचं मॉडेल बघा. नेस्प्रेसोची ओरिजिनल आणि व्हर्टुओ, नेसकॅफेचं डोल्चे गुस्तो, या मशीनचे पॉड एकमेकांत बसत नाहीत. व्हर्टुओ तर पॉडच्या कडेचा बारकोड वाचून पाणी सोडतं, तिथे हा उद्योग सोपा नाही. पॉड दोन-तीन घ्या, एकावर सकाळ भागत नाही.

आता पावडर. चिकोरी नको. आपल्या बेळगावात कॉफीच्या दुकानात जाऊन नुसतं "अर्धा किलो द्या" म्हटलं की बहुतेक वेळा मिश्रणच मिळतं, कारण घरोघरी फिल्टरला तेच लागतं. मीही तेच आणलं. चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं मूळ, ते पाणी पिऊन फुगतं. पितळी फिल्टरमध्ये डिकॉक्शन हळूहळू गळून दाट होतं ते त्यामुळेच, तिथे ते हवंच असतं. पण बोटाच्या पेराएवढ्या पॉडमध्ये त्याचा लगदा होतो आणि जाळी बंद. ८०-२० (८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी) सुद्धा नको. "थोडी असली तर चालेल की" असं दुकानदार म्हणेल, नाही चालत. कानडीत सांगायचं तर "चिकोरी हाकब्याड्री", आणि समोर दळून घ्या. बंद पुडा घेत असाल तर त्यावर कॉफी किती टक्के, चिकोरी किती टक्के हे छापलेलं असतं, ते वाचा. पुढचं मोठं नाव वाचून पुडा उचलू नका, मी तसाच उचलला होता. चिकमगळूर किंवा कूर्गची निव्वळ कॉफी मागा.

दळण बारीक मिठासारखं. चिमटीत चोळल्यावर कण लागले पाहिजेत, पिठासारखं झालं तर बिनचिकोरीची पावडरही अडकते. पहिल्यांदा पाव किलोच आणा. इन्स्टंट अजिबात नाही.

भरताना काठापासून थोडी जागा सोडा, चमच्याच्या पाठीने हलकं दाबा, जोर नको. काठावर पावडरीचा कण राहिला तर झाकण नीट बसत नाही आणि कडेने पाणी येतं, म्हणून बोटाने काठ पुसा. रबरी रिंग जागेवर आहे ना बघा.

कप झाला की चोथा लगेच झटका, वाळला की जाळीतून निघत नाही. बोअरचं पाणी टाकीत घालू नका, क्षार साठतात. डिस्केलिंग, म्हणजे साठलेले क्षार काढणं, मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे.

पाहुणे यायच्या आदल्या रात्री एक कप काढून बघा. पितळी फिल्टर घासून हाताशी ठेवा. आणि पुड्यावरची चिकोरीची टक्केवारी परत एकदा वाचा.