यूट्यूबवरचे व्हिडिओ पीअरट्यूबवर हलवताना

जून २०१८मध्ये ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ब्लेंडर फाउंडेशनच्या यूट्यूब चॅनेलवरचे व्हिडिओ जगभर दिसेनासे झाले. वाद होता जाहिरातींबाबतच्या कराराचा. फाउंडेशनने त्याच महिन्यात पीअरट्यूब या मुक्त व्हिडिओ-सॉफ्टवेअरवर स्वतःचा सर्व्हर उभारून पाहिला. डेबियन या लिनक्स प्रणालीचे स्वयंसेवकही आपला पीअरट्यूब सर्व्हर चालवतात. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ बघायला लोकांना बंदिस्त मंचावर जावं लागू नये, असं ज्या गटांना वाटतं त्यांच्यासाठी हा रस्ता आता पुरेसा मळलेला आहे.

पीअरट्यूब हे फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट संस्थेचं मुक्त सॉफ्टवेअर. सर्व्हर वेगवेगळे असले तरी अ‍ॅक्टिव्हिटीपब या सर्व्हरांमधल्या समान भाषेमुळे ते एकमेकांशी बोलतात, आणि मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कवरचा माणूस तिथूनच तुमचं चॅनेल फॉलो करू शकतो.

सर्व्हर आपला की दुसऱ्याचा

पन्नासेक तासांपेक्षा कमी साठा असेल तर स्वतःचा सर्व्हर मांडू नका. समविचारी गटाच्या सर्व्हरवर खातं मागा. मागताना तीन गोष्टी विचारा: एकूण कोटा किती, दिवसाचा कोटा किती, आणि बॅकअप कोण घेतं. दिवसाच्या कोट्याकडे हमखास दुर्लक्ष होतं आणि तिसऱ्या-चौथ्या व्हिडिओलाच गाडं अडतं.

स्वतःचा सर्व्हर उभारणार असाल तर डोमेन विचार करून घ्या. व्हिडिओंची आणि चॅनेलची ओळख त्या पत्त्याला बांधलेली असते. पुढे पत्ता बदलला की दुसऱ्या सर्व्हरांवरचे फॉलोअर तुटतात. चॅनेलचं हँडलही नंतर बदलता येत नाही (दिसणारं नाव बदलता येतं), आणि ते खात्याच्या वापरकर्तानावासारखंच ठेवता येत नाही. म्हणून चांगलं, छोटं नाव खात्यावर खर्ची घालू नका, चॅनेलसाठी राखा. नोंदणी सगळ्यांना खुली ठेवलीत तर स्पॅमवाले लगेच येतात. ती बंद ठेवा, किंवा मंजुरीनंतरच खातं मिळेल अशी सोय चालू करा.

मूळ फाइली शोधा

पहिली धाव कॅमेऱ्याच्या किंवा एडिटिंगच्या हार्ड डिस्ककडे घ्या. यूट्यूबने दाबलेली फाइल पीअरट्यूब पुन्हा दाबतो, आणि त्यात टर्मिनलवरची बारीक अक्षरं सगळ्यात आधी पुसट होतात. मूळ फाइल हाती नसेल तर गूगल टेकआउट या आपला डेटा परत देणाऱ्या सेवेतून मागवा. यूट्यूब स्टुडिओतलं डाउनलोड बटण ७२०पीच्या वर जात नाही, त्यामुळे ते शेवटचा उपाय म्हणूनच वापरा.

शीर्षक, वर्णन, तारीख, थंबनेल आणि सबटायटल यांसाठी वायटी-डीएलपी हे साधन वापरा. माहितीची जेसन फाइल, थंबनेल आणि सबटायटल लिहून घेणारे पर्याय चालू करा, आणि डाउनलोड-आर्काइव्हचा पर्याय विसरू नका. काम मध्येच तुटलं तर तो झालेले व्हिडिओ पुन्हा उतरवत नाही. सबटायटल माणसांनी केलेलीच घ्या. यूट्यूबच्या आपोआप झालेल्या सबटायटलमध्ये प्रत्येक ओळ दोन-दोनदा येते आणि ती साफ करण्यात दिवस जातो.

पीअरट्यूबमध्ये यूट्यूबची लिंक देऊन थेट आयात करायची आणि अख्खं चॅनेल जोडायचीही सोय आहे. पण डेटा सेंटरमधल्या सर्व्हरच्या आयपीवरून आलेल्या विनंत्या यूट्यूब वारंवार अडवतं, ‘तुम्ही बॉट नाही हे सिद्ध करा’ म्हणतं, आणि आयात अर्ध्यावर लटकते. घरच्या कनेक्शनवरून उतरवून मग अपलोड करणं जास्त भरवशाचं.

परवान्याचं काम याच टप्प्यावर उरकून घ्या. यूट्यूबवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा एकच पर्याय आहे, सीसी बाय (श्रेय देऊन वापरा). वक्त्याने बाय-एसए (बदललेली कृतीही त्याच परवान्याने वाटा) म्हटलं असेल तर ते तिथे नोंदलंच गेलेलं नसतं. पीअरट्यूबवर सगळे पर्याय आहेत, तेव्हा वक्त्यांना विचारून प्रत्येक व्हिडिओचा परवाना तक्त्यात लिहून ठेवा.

जागेचा हिशोब

१०८०पी भाषणाला सेकंदाला साधारण ३ मेगाबिट धरले तर तासाला १.३५ जीबी. जोडीला ४८०पी ठेवलं, १ मेगाबिटने, तर आणखी ०.४५ जीबी. म्हणजे तासाला १.८ जीबी आणि १०० तासांना १८० जीबी. सेटिंगमध्ये ‘एचएलएस’ (तुकड्यातुकड्यांनी जाणारा) आणि ‘वेब व्हिडिओ’ (अख्खी फाइल) हे दोन्ही प्रकार चालू राहिले तर हाच आकडा ३६० होतो. फक्त एचएलएस ठेवा. प्रेक्षकांनी आपसांत व्हिडिओचे तुकडे वाटून घेण्याची सोय त्यावरच चालते. २४०पी, ३६०पी, ७२०पी असं सगळं ठेवायचीही गरज नाही. मूळ फाइल सर्व्हरवर राखायचा पर्याय निवडलात तर तिची जागा वेगळी धरा.

व्हिडिओ दाखवायला २ कोर आणि ४ जीबी रॅम पुरते. ट्रान्सकोडिंगचं (व्हिडिओ वेगवेगळ्या आकारांत पुन्हा दाबण्याचं) मात्र तसं नाही: एवढ्या सर्व्हरवर तासाभराच्या व्हिडिओला तासभर किंवा जास्तही लागतो, आणि तेवढा वेळ साइट रखडते. ५.२ आवृत्तीपासून हे काम दुसऱ्या मशीनवर सोपवता येतं. पीअरट्यूब रनर हा प्रोग्राम घरच्या जास्त कोरच्या संगणकावर बसवा. तो स्वतःहून सर्व्हरकडे काम मागायला जातो, त्यामुळे घरी पब्लिक आयपी लागत नाही. शे-दोनशे व्हिडिओ हलवायचे असतील तर ही सोय आधी लावा आणि मगच अपलोडला हात घाला.

अपलोड आणि प्रकाशन

दहा-वीस व्हिडिओ असतील तर ब्राउझरमधून करा. जास्त असतील तर पीअरट्यूबचं कमांड लाइन साधन घ्या आणि तक्त्यातून शीर्षक, भाषा, परवाना भरणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. शीर्षक १२० अक्षरांपर्यंत चालतं. टॅग जास्तीत जास्त पाच. जुने पंधरा टॅग तसेच दिलेत तर अपलोड नाकारलं जातं. ‘मूळ प्रकाशन तारीख’ हा रकाना जरूर भरा, नाहीतर सात वर्षांपूर्वीचं भाषण आजचं वाटतं.

सगळं आधी खाजगी ठेवा. आवाज जुळतो का, सबटायटल लागतात का हे बघून मग दिवसाला तीन-चार व्हिडिओ सार्वजनिक करा. वेळ आधीच लावून ठेवता येते. एका दिवशी दोनशे सोडलेत तर फॉलो करणाऱ्या प्रत्येकाच्या टाइमलाइनवर लोंढा येतो आणि लोक तुम्हाला म्यूट करतात. ६.२ आवृत्तीपासून व्हिस्पर या बोलणं ओळखणाऱ्या साधनाच्या आधारे आपोआप सबटायटलही करता येतात. इंग्रजीचं बरं निघतं. मराठीचा मसुदा समजा आणि माणसाकडून ओळन्‌ओळ तपासून घ्या.

आपसांत तुकडे वाटण्याचा उपयोग एकाच वेळी बरेच जण बघत असतील तेव्हाच होतो. त्यात प्रेक्षकांचे आयपी पत्ते एकमेकांना दिसतात, हे चॅनेलच्या माहितीत स्पष्ट लिहा.

जुनं चॅनेल

लगेच पुसू नका. व्ह्यू आणि कॉमेंट सोबत येत नाहीत, आणि यूट्यूबवरची लिंक नव्या पत्त्याकडे वळवता येत नाही. प्रत्येक जुन्या वर्णनाच्या पहिल्या ओळीत नवी लिंक टाका आणि आपल्या साइटवरचे एम्बेड बदला. नव्या भाषणांची पूर्ण आवृत्ती आधी पीअरट्यूबवर येऊ द्या. पीअरट्यूबवरचे व्हिडिओ शोधणाऱ्या फ्रामासॉफ्टच्या सेपिया सर्चमध्ये तुमचा सर्व्हर दिसावा म्हणून सार्वजनिक यादीत त्याची नोंद करा.

मित्रगटाचा सर्व्हर रिडंडन्सी चालू करून तुमच्या व्हिडिओंच्या प्रती ठेवू शकतो. गर्दीच्या वेळी त्याने भार हलका होतो, पण तो बॅकअप नव्हे. त्या प्रती मुदत संपली की जातात. बॅकअपमध्ये तीन गोष्टी हव्यात: पोस्टग्रेस या डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत), कॉन्फिगरेशनची फाइल आणि स्टोरेजचा फोल्डर. मूळ फाइलींची एक प्रत इंटरनेट आर्काइव्हवर ठेवा. अपग्रेडच्या आधी डंप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर चढवून एखादा व्हिडिओ खरंच चालतो का ते बघा.